परातीतलं पाणी

मॉर्विथने श्वास रोखला आणि ती परातीवर वाकली. पाणी पुन्हा थरथरलं. बारीक वलयं काठापासून मध्यापर्यंत आली आणि विरून गेली.

भरती असेल, असं तिने स्वतःला बजावलं. भिंतीतल्या फटीतून बाहेर पाहिलं, तर समुद्र केव्हाच मागे हटलेला. नुसती ओली वाळू.

वेल्श लोकांनी किल्ल्याला वेढा दिल्यापासून प्रत्येक बुरुजाच्या तळघरात अशी परात ठेवली होती. बुरुज पाडायला कुणी खालून भुयार खणत आलं की पाणी हलतं. मग आतून दुसरं भुयार खणायचं आणि त्यांना धुरात कोंडून मारायचं. उत्तरेच्या बुरुजाखाली गेल्या आठवड्यात तसंच झालं. धुरासाठी डुकराची चरबी तिच्या नवऱ्यानेच, तुरोल्ड आचाऱ्याने, पोचवली होती. मॉर्विथ स्वतः वेल्श. नॉर्मन माणसाशी लग्न करून ती किल्ल्यात आली, तेव्हापासून माहेरचं दार बंदच होतं.

पाणी दोनदा हललं, थांबलं. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबलं.

दोन घाव आणि एक दम. चुन्याच्या खाणीत तिचा भाऊ इद्वल अशीच कुदळ मारायचा. बरगडी मोडल्यापासून त्याला सलग तिसरा घाव झेपायचाच नाही. आणि वर, याच बुरुजाच्या माडीवर, तिच्या दोघी मुली वाटाणे निवडत बसल्या होत्या.

खाणीत एक रीत होती. कुणी माणूस जवळ आलं की त्याने दगडाने तीनदा ठोकायचं. ते ऐकलं की कुदळ थांबलीच पाहिजे. इद्वलला भाकरी न्यायची तेव्हा तीही तशीच ठोकायची.

तिने दगड उचलला आणि फरशीवर तीनदा ठोकला.

पाणी स्थिर झालं. मॉर्विथला रडूच आलं. जा रे बाबा, निघून जा, असं ती पुटपुटत राहिली.

किल्लेदार हॅमलिन जिना उतरून आला तेव्हा तिने डोळे पुसले होते.

"काय म्हणतंय पाणी?"

"शांत आहे."

"तुझी माणसं मेंढरं सोडून घुशींसारखी बिळं कधीपासून खणायला लागली गं?"

"तुम्हाला या किल्ल्यासाठी चुना लागला तेव्हापासून, सरदार. खाणीत तुम्हीच जुंपलंत त्यांना."

तो ओठातल्या ओठात हसला. परातीकडे एकवार पाहून वर निघाला.

पाणी हललं. दोनदा. थांबलं. पुन्हा दोनदा.

किल्ल्यात तीन ठोक्यांची ती खूण माहीत असलेलं दुसरं कुणी नव्हतं. इद्वलला ते पक्कं ठाऊक होतं; वर ती आहे हे कळूनही तो खणत होता. आता मधला दम तेवढा आखूड झाला होता.

तिने दोन्ही तळवे परातीच्या काठावर दाबून धरले. पाणी थांबलं नाही. वरून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला. हॅमलिनची पावलं अजून जिन्यावरच होती.

"सरदार," तिने हाक मारली. "तुरोल्डला चरबी आणायला सांगा."