एन्टरचे मानकरी

अठ्ठ्याण्णव साली बारामतीच्या एका कॉलेजात संगणक मंडळ निघालं. पोरं चौदा, संगणक एक आणि त्याच्यापुढची खुर्ची अध्यक्ष रविंद्रची. त्याची बोटं अशी पळत की एकदा म्हणे कीबोर्डातून धूर निघाला आणि शिपाई दत्तोबा पाण्याची बादली घेऊन धावला. धूर कुणी पाहिला नाही, पण बादली खरी! बाकीच्यांनी मागं उभं राहून बघायचं. प्रोग्रॅम पुरा झाला की पाळीनं एकेकानं येऊन एन्टर दाबायचं. जणू नारळ फोडायचा मान! रविंद्रला वाटे, आपण या पोरांना किती देतो.

उसाच्या लागणीची तारीख घातली की तोडणीचा महिना सांगणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तो शेतकऱ्यांना दाखवायचा होता. आणि नेमके आदल्याच दुपारी बाकाखाली टाईप केलेले कागद सापडले. त्याचाच प्रोग्रॅम, ओळ न् ओळ! वर इंदापूरच्या टायपिंग क्लासचा शिक्का.

"कुणी चोरला?" त्यानं सगळ्यांना उभं केलं.

शेळगावची स्वप्नाली पुढं आली. "चोरला न्हाय, दादा. तुमी टाईप करताना बघून पाठ केला. आमी इंदापूरकडची सहाजणं रोज सकाळी टायपिंग शिकतो. चार म्हैनं झालं."

"म्हणजे चार महिने माझ्या तोंडावर हसत होता तुम्ही!" रविंद्रचा आवाज चिरकला. "प्राचार्यांशी भांडून ही खोली कुणासाठी मिळवली मी? तुमच्यासाठीच ना? आणि तुम्हीच असा दगा दिलात! बंद करतो मंडळ. ही किल्ली परत."

दत्तोबा दाराला टेकून उभा होता. "अध्यक्ष, एक इचारू? पवायला शिकवतो म्हणून पोरं हिरीवर न्यायची आन् वरीसभर काठावर बसवायची. मग त्यांनी दुसऱ्या हिरीत उडी टाकली, तर दगा कुणी कुणाला दिला?"

रविंद्रला ते झोंबलं. "टाईपरायटरवर प्रोग्रॅम चालतो तरी का?"

"न्हाय चालत," स्वप्नाली म्हणाली, "म्हणून आमी डोक्यात चालवायचो. तुमच्या एकविसाव्या ओळीत चूक हाय. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे घेतलेत. अठ्ठ्याण्णवच्या जुलैत लावलेला अठरा महिन्यांचा ऊस घालून बघा."

त्यानं तिरमिरीत आकडे घातले. पडद्यावर उमटलं: तोडणी, जानेवारी १९००.

"आरं तिच्या! माझा बाप जन्मायच्या आधीच ऊस तुटला व्हय!" दत्तोबा म्हणाला. रविंद्र स्वप्नालीकडं वळला.

"कधी कळलं तुला?"

"म्हैना झाला."

"आणि सांगितलं नाहीस!"

"सांगणार कवा, दादा? तुमी आमाला एन्टरपुरतंच बोलवायचा."

अरेरे! ज्या विश्वासघातानं तो जळत होता, त्याचं मूळ त्याच्याच बुडाखाली होतं! रविंद्र खुर्चीवरून उठला. "बस," म्हणाला. एवढा एक शब्द काढताना त्याला घाम फुटला.

स्वप्नालीनं ओळ दुरुस्त केली. मग हात मागं घेऊन ती म्हणाली, "दादा, पाळी तुमची."

चौदा पोरांदेखत रविंद्रनं एन्टर दाबलं. जानेवारी २०००! पोरांनी टाळ्या पिटल्या; पण तो मान किती पोकळ असतो, ते त्या दिवशी त्याच्या बोटाला कळलं.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांपुढं त्या खुर्चीवर पाळीपाळीनं चौदाही जण बसले. अध्यक्ष मागं उभा होता.

वाचकहो, अशी एक खुर्ची आपल्याही घरात, कचेरीत असते. नुसतं बघू देणं म्हणजे शिकवणं नव्हे. पाठीमागं काही घडतंय असं वाटलं, तर आधी उठून बघा: पुढं यायला आपण जागा ठेवली होती का?