वरदची ट्रायल

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. भोसरी, चाकण इथल्या बहुतेक कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे घरातले सगळे मोठे निर्णय गुरुवारी दुपारी, जेवणं झाल्यावर होतात. सिंगापूरचंही तसंच ठरलं. माझे सासरे उद्धवराव मे महिन्यात पंच्याहत्तर वर्षांचे होणार. होमहवन नको, शांत नको, त्यापेक्षा मला सगळ्या नातवंडांबरोबर विमानात बसवा, असं ते म्हणाले. दोन्ही मुलांच्या कंपन्यांची शटडाऊनची सुट्टी मेमध्येच असते. म्हटलं, चला, जन्मभर काही न मागितलेला माणूस पंच्याहत्तरीला का होईना, काहीतरी मागतोय.

श्यामदादा, म्हणजे माझे थोरले दीर, ठरवण्यात एकदम पटाईत. लॅपटॉप उघडून त्यांनी विमान शोधलं, हॉटेल शोधलं, मिनलताईंनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, किती ठेपले आणि किती चटणी न्यायची तेही काढलं. आणि मग दादा म्हणाले, आठ तिकिटं. आमच्या घरात माणसं नऊ आहेत.

नववा वरद. साडेचार वर्षांचा माझा मुलगा. त्याला ऑटिझम आहे. कुकरची शिट्टी त्याला आवडते, मिक्सर मात्र लावायच्या आधी त्याला सांगावं लागतं. न सांगता कर्कश आवाज झाला की तो कान झाकून किंचाळतो आणि मग बराच वेळ त्याचं त्यालाच थांबता येत नाही.

"त्याचाच त्रास वाचेल गं," दादा म्हणाले. "आठवडाभर राजगुरुनगरला तुझ्या आईकडे मजेत राहील. आणि इतक्या लहान मुलाला तसंही काय आठवणार आहे?"

सासूबाईंनी मान डोलावली. मिनलताई म्हणाल्या, तुलाही जरा मोकळीक मिळेल. त्या खोलीत कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी सांगून टाकलं, वरद येणार नसेल तर मीही येणार नाही. मग सगळे एकदम ताटं उचलायला लागले.

तोडगा निमिषने, माझ्या नवऱ्याने काढला. तो चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नवा पार्ट काही एकदम लाइनवर चढवत नाहीत, आधी ट्रायल घेतात, ट्रायल ओके झाली की पुढे. तशी वरदची ट्रायल मेट्रोत घ्यायची. तिथे बॅग मशीनमधून जाते, अंग तपासतात, दारं आपोआप बंद होतात, म्हणजे विमानतळाची छोटी नक्कलच. तीन गुरुवार ट्रायल घ्यायची, तोवर कुणाचंच तिकीट काढायचं नाही, आणि मग ठरवायचं. दादांना हे फारच पटलं. तेही भोसरीत एका कारखान्यात परचेसला, दोघा भावांचं घरातलं बोलणंसुद्धा कंपनीतलंच असतं. मी हो म्हटलं, कारण मला वरदची खात्री होती आणि मला जिंकायचं होतं.

पहिल्या गुरुवारी आम्ही पीसीएमसी स्टेशनच्या तपासणीपलीकडे गेलोच नाही. गार्डने हातातलं यंत्र वरदवरून फिरवलं, ते पीं-पीं वाजलं आणि वरद सरळ फरशीवर आडवा. मागे रांग खोळंबली. एक काका पुटपुटले की हल्लीच्या आयांना मुलं सांभाळता येत नाहीत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पुढची गाडी पकडा, आम्हाला वेळ लागणार आहे.

मग तो सगळा आठवडा आमच्या घरी तपासणी चालली. सुखदा, माझी आठ वर्षांची थोरली, हातात उलथनं घेऊन दारात उभी राहायची आणि तोंडाने बारीक आवाज काढत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरून फिरवायची. आधी माझी तपासणी, मग निमिषची, मग वरदची. दूध द्यायला आलेल्या कोंडीरामलाही तिने सोडलं नाही. दुसऱ्या गुरुवारी वरद गार्डसमोर स्वतःहून हात पसरून उभा राहिला. दापोडीपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मला इतका आनंद झाला की स्टेशनखाली उभं राहून मी दोन वडापाव खाल्ले.

तिसऱ्या गुरुवारी दादा स्वतः बघायला आले. कस्टमरचे साहेब ऑडिटला येतात ना, तसे, हात मागे बांधून. जाताना सगळं छान झालं. रेंजहिल्सनंतर गाडी जमिनीखाली शिरली, बाहेर अंधार झाला, काचेत स्वतःचा चेहरा दिसल्यावर वरद खुदकन हसला. मी दादांकडे बघितलं. तेही हसत होते. शिवाजीनगरला उतरून आम्ही परतीची गाडी पकडली आणि पीसीएमसीला येऊन पोचलो. आता फक्त जिना उतरायचा होता.

तेवढ्यात डोक्यावरचा स्पीकर बिघडून जोरात करकरला. वरदने कान झाकले आणि तो किंचाळला. आपलंच मनगट चावायला लागला. मी त्याला उचलून बाकावर घेऊन बसले आणि घट्ट आवळून धरलं. तसं धरलं की त्याला हळूहळू बरं वाटतं. माणसं थांबली. एका पोराने मोबाइल वर केला, तो सुखदाने पुढे उभं राहून अडवला. दादा चार पावलं लांब जाऊन उभे राहिले, दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, बघितलंस ना अनुया, विमानात असं झालं तर मध्येच उतरता येत नाही.

निमिष माझ्यापाशी खाली बसला होता. त्याने मान वर करून भावाकडे बघितलं आणि अगदी काकुळतीने म्हणाला, "दादा, डेव्हिएशनवर पास करू या ना."

पार्ट मापात थोडा कमी-जास्त निघाला आणि माल तर द्यायचाच असला, की साहेबांच्या सहीने तो चालवून घेतात. त्याला कंपनीत डेव्हिएशन म्हणतात. निमिषने हे वरदच्या बाजूनेच म्हटलं होतं. त्याला दुसरी भाषाच येत नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"कशाचं डेव्हिएशन?" मी म्हटलं. "दादा, तुमची स्वरूपा लोणावळ्यापर्यंत दोनदा ओकते, तिची ट्रायल घेतली कुणी? आपले बाबा मॉलमध्ये हरवतात, त्यांची घेतली? सगळ्यांची तिकिटं न विचारता ठरली. माझ्याच पोराने सही मागायची?"

दादा म्हणाले, आवाज खाली कर. मी केला नाही. मी म्हटलं, तो किंचाळला आणि आपण कुणी मेलो नाही. विमानात किंचाळेल, तिथेही कुणी मरणार नाही. लोक बघतील. इथेही बघतायत.

वरदला एका हाताने छातीशी धरून मी दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. दादांनी ठरवलेलं विमान मला माहीत होतं. तेच विमान, तोच दिवस. निमिष, अनुया, सुखदा, वरद. चार नावं टाकली. कार्ड निमिषच्या खात्याचं, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. त्याच्या खिशात तो वाजला.

निमिषने मोबाइल काढून बघितला, मग दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "निमिष, घरी जाऊन शांतपणे बोलू."

निमिषने दादांचा शब्द कधी मोडला नाही, हे आमच्या घरी पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. इंजिनिअरिंगला कुठे जायचं ते दादांनी ठरवलं, फ्लॅट कुठे घ्यायचा तेही दादांनीच. ओटीपी थोडाच वेळ चालतो. मी हात पुढे केला नाही. त्याने तो मोबाइल पुन्हा खिशात ठेवला असता तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

तो उठून उभा राहिला आणि आकडे वाचायला लागला. एकेक आकडा, वरदच्या रडण्यातूनही मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरची माणसंही वळून बघायला लागली. दादांनी तोंड फिरवलं. निमिष थांबला नाही, उलट त्याचा आवाज आणखी चढला.

शेवटचा आकडा आला तेव्हा वरद रडतच होता. मी बटण दाबलं.