चौथ्या मंडपाची रांग

फ्रीज एकदम गुरगुरला आणि पोकुआ दचकली. दोन तास घर इतकं मुकं होतं की लेकीच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. वीज आली होती. चटईवर झोपलेल्या अचियानं कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपेत बुडाली. पाच वर्षांची झाली तरी अंगठा सुटत नव्हता. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "चोखू दे गं. पुढं पस्तावून बोटं चावायचीच आहेत."

त्या सासूबाई आठ आठवडे शवागाराच्या थंडीत पडून होत्या. कुमासी शहरात मेलेल्या माणसाला घाई नसते. सगे जमेपर्यंत, मंडप मिळेपर्यंत तो थांबतो. परवा, शनिवारी, त्यांना निरोप द्यायचा होता. सगळे जमले होते. नव्हता तो फक्त थोरला मुलगा, पोकुआचा नवरा ओपोकू. तो हॅम्बुर्गला एका गोदामात खोकी बांधायचा आणि त्याचे कागद अजून अर्धवट होते. एकदा बाहेर पडला असता तर परत आत जाऊ शकला नसता.

लेक झोपली आहे तोवर तिनं त्याला फोन लावला.

"पाठ केलंय सगळं," ओपोकू म्हणाला. "काल गोदामात म्हणत होतो, तर शेजारचा तुर्क म्हणाला, कुणाला शिव्या देतोयस? पोकुआ, नीट दिसेल ना गं? ऐकू जाईल ना?"

"जाईल."

"तू तिथंच कामाला आहेस म्हणून निर्धास्त आहे मी. नाहीतर आपल्याकडचं नेटवर्क..."

"जाईल म्हटलं ना. जेवलास का तू?"

पेटीचं झाकण लावण्याआधी थोरल्या मुलानं आईशी शेवटचं बोलायचं असतं. नीट जा, मागं वळून पाहू नकोस, इथलं आम्ही बघतो. त्याच्याआधी झाकण लागत नाही. ओपोकू ते पडद्यावरून बोलणार होता. त्यासाठी पोकुआला वोफा न्यार्कोंचे पाय धरावे लागले होते. वोफा म्हणजे मामा. सासूबाईंचे हे थोरले भाऊ घराण्याचे कर्ते होते, आणि असांते जमातीच्या घरात बापाहून मामाचा शब्द जड.

"आई एका पेटीत आणि मुलगा दुसऱ्या पेटीत," वोफा म्हणाले होते. "दोन पेट्यांनी एकमेकींशी काय बोलायचं?"

"वोफा, त्याला एवढंच करता येण्यासारखं आहे."

म्हातारा बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला. "बरं. पण बोलला नाही तर लोक म्हणतील, परदेशात जाऊन आईला विसरला. ते मी पुसू शकणार नाही. आणि तूही नाही."

म्हणून पोकुआच्या जिवाला घोर होता. चौथ्या मंडपात काय होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती कामाला होती त्या अंत्यविधीच्या मैदानावर चार मंडप होते आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच. शनिवारी चारही मंडप भरत. प्रत्येकात कॅमेरे, प्रत्येकाचे सगे लंडन, टोरांटो, हॅम्बुर्गला पडद्यासमोर डोळे पुसत बसलेले. सगळ्यांची चित्रं बारीक तुकडे होऊन तिच्या स्विचमध्ये, म्हणजे लाइन वाटून देणाऱ्या यंत्रात, येत, आणि कुणी आधी जायचं, कुणी थांबायचं हे स्विच ठरवी. म्हणजे पोकुआ ठरवी. नियम तिनंच लिहिले होते. पहिला मंडप, लाल गालिचाचा, पहिल्या रांगेत. बाकीचे तिघे मागे. पहिल्या रांगेला तिनं मर्यादा घातली होती: निम्मी लाइन तुमची, उरलेली इतरांची. कारण मर्यादा नसली तर पहिल्या रांगेत एक जरी तुकडा उभा असेल तरी मागचा कुणी हलत नाही. मागचे उभे राहतात आणि शेवटी फेकले जातात.

मालक बोआदी साहेबांनी ती मर्यादा काढायला लावली होती. एका मंत्र्याच्या चुलत्याचं चित्र दोनदा अडखळलं, तेव्हा ते हसत हसत म्हणाले होते, "पोरी, मोठ्या माणसाच्या मयताला कसली गं मर्यादा?"

तिनं काढली. लेकीची शाळा होती, घर होतं. त्यानंतर मागच्या मंडपांतले लोक तक्रार घेऊन आले की ती थंड पाण्याची पिशवी पुढं करायची आणि म्हणायची, "आज नेटवर्क कमजोर आहे हो." सगळ्यांना पटायचं. नेटवर्क कमजोर असतंच. टेचिमानची एक बाई तर तिचा हात हातात घेऊन म्हणाली होती, "तू तरी काय करणार, बाळ." तिची मुलगी कॅनडात रात्रभर जागून काळ्या पडद्याकडं बघत बसली होती. तो हात पोकुआला अधूनमधून आठवायचा. मग ती भांडी जोरात घासायची.

आता नोकरांसाठी सवलत म्हणून तिला मिळाला होता चौथा मंडप. आणि त्याच शनिवारी पहिल्यात एका रस्ते कंत्राटदाराचा बाप होता: सहा कॅमेरे, उडता कॅमेरा आणि भिंतीएवढा पडदा.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. ते उकडलेली केळी आणि कोंटोम्बिरेची पालेभाजी खात होते.

"ये, हात धू, बस. तुझ्या सासूचं ऐकून वाईट वाटलं. फळांच्या टोपल्या माझ्याकडून."

"साहेब, उद्यापुरती पहिल्या रांगेला मर्यादा घालू का? थोडीच. त्यांना कळणारही नाही."

साहेबांनी बोट चाटलं. "आणि कळलं तर? तो माणूस आपल्या फाटकापर्यंत डांबर टाकून देणार आहे. तुझी सासू टाकणार आहे का?" मग स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. चौथ्यातही दिसतं की थोडं थोडं."

ती बाहेर आली तेव्हा फीफी दारातच होता. हा तिचा जोडीदार, फांटी माणूस, समुद्राकाठचा, असांत्यांच्या मयतांवर जन्मभर विनोद करणारा.

"काय म्हणाला राजा?"

"डांबर म्हणाला."

"मग विचारतेस कशाला? आम्ही फांटी मासा पकडतो आणि मग विचारतो हा कुणाचा. तुम्ही असांते आधी विचारता आणि उपाशी मरता. किल्ली तुझ्याकडं आहे ना?"

यंत्रांच्या खोलीत उभ्यानंच तिनं लॅपटॉप डाव्या हातावर घेतला आणि चार ओळी लिहिल्या. पहिल्या रांगेला मर्यादा. मागच्या तिघांना सारखा वाटा. फक्त चौथ्याला पुढं करता आलं असतं. बोटं तिकडं वळलीही होती. पण टेचिमानची बाई आठवली आणि तिनं तिघांनाही सारखं दिलं. स्विचनं मुकाट्यानं ऐकलं. नियम लागू झाला.

"आता सेव्ह कर," फीफी म्हणाला.

"नको."

"नको म्हणजे?"

"सेव्ह केलं की राहतं. सोमवारी मी स्विच बंद करून चालू करीन, जुना नियम आपोआप परत येईल. काही झालंच नव्हतं. साहेबांनी कुणाला बोलावून तपासलं तरी सापडणार नाही."

फीफीनं डोकं खाजवलं. "आणि उद्या वीज गेली तर? स्विचखालच्या बॅटऱ्या मेल्यात. तीन महिने झाले साहेबांकडं कागद पडलाय."

"अख्ख्या दिवसात त्याच तासाला जाईल का?"

"पोकुआ, एवढं धाडस केलंस, आता शेपूट कशाला आत?"

"तुला लेक नाही, फीफी."

फीफीनं खांदे उडवले आणि खोलीचा दिवा मालवला.

शनिवारी सकाळी चौथ्या मंडपात काळ्या-लाल कपड्यांची दाटी झाली. सासूबाईंना केंटेचं रंगीत विणलेलं वस्त्र नेसवलं होतं, कानात जुनी सोन्याची फुलं. पोकुआ सुनेच्या जागी, पायाशी बसली होती, अचिया मांडीवर. समोरच्या पडद्यावर ओपोकू आला, खांद्यावर काळं वस्त्र, आत थंडीचा स्वेटर. चित्र लख्ख होतं. आरशासारखं. पाठीमागच्या खिडकीतला बर्फसुद्धा दिसत होता. बायका एकदम कुजबुजल्या, "बघा, आला की नाही! किती वाळलाय बिचारा." आपण केलं, तिला वाटलं. निदान एकदा केलं.

वोफा न्यार्को काठी टेकत उठले. "ओपोकू, तुझी आई निघालीय. बोल."

"आई," ओपोकू म्हणाला. त्याला हुंदका आला. त्यानं घसा साफ केला. "आई, मी इथून..."

आणि वीज गेली.

पंखे मंदावले. पलीकडून जनरेटर खोकला आणि धडधडू लागला. अर्ध्या मिनिटात पंखे पुन्हा फिरले. "वीज मंडळाला पण रडू आलं," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. पडदा निळा होता. पोकुआनं मनात मोजायला सुरुवात केली. स्विच जागा व्हायला चार मिनिटं लागतात. वोफा थांबतील चार मिनिटं. ते थांबलेच. काठीवर दोन्ही हात ठेवून पडद्याकडं बघत राहिले.

पडद्यावर ओपोकू परत आला. तोंड उघडं, डोळे मिटलेले. आणि तसाच थिजला.

तेव्हा तिला आठवलं. स्विच जागा झाला होता, पण काल लिहिलेला नियम विसरून. जो सेव्ह केलेला होता तोच त्याला ठाऊक.

तिनं फीफीला फोन लावला. वाजत राहिला. फीफी पहिल्या मंडपात होता आणि तिथं पितळी बाजा दणाणत होता. तिनं अचियाला शेजारच्या बाईच्या मांडीवर दिलं आणि उठली.

"पोकुआ, बस," वोफा हळू आवाजात म्हणाले. "झाकण लागेपर्यंत सून उठत नाही."

"दोन मिनिटं, वोफा. मला करता येतं. दोनच मिनिटं थांबा."

मागे कुजबुज उठली. ती चपला न घालता धावली. दोनशे पावलं, तापलेली फरशी, फाटकात दुसऱ्याची शववाहिनी भोंगा वाजवत. पहिल्या मंडपावरून जाताना भिंतीएवढ्या पडद्यावर कंत्राटदाराचा न्यूयॉर्कचा भाऊ रुमालानं कपाळ पुसताना दिसला, घामाचे थेंबसुद्धा स्वच्छ. यंत्रांच्या खोलीचं कुलूप दुसऱ्या खेपेला उघडलं. त्याच चार ओळी लिहायला कालच्याहून दुप्पट वेळ लागला. या वेळी तिनं सेव्ह केलं.

ती परत आली तेव्हा चबुतरा रिकामा होता. पेटी गाडीत चढवली होती. वोफांनी वाट पाहिली होती, लोकांनी मागाहून सांगितलं, चांगली दहा मिनिटं. भोंगे वाजत होते, दफनाची वेळ निघून चालली होती. शेवटी त्यांनी स्वतःच बहिणीच्या कानाशी वाकून मुलाच्या वाट्याचे शब्द म्हटले आणि झाकण लावायला सांगितलं.

पडदा मात्र लख्ख झाला होता. ओपोकू त्यात बोलतच होता, डोळे मिटून, हात जोडून. "...मागं वळून पाहू नकोस. अचियाला मी शिकवीन. पोकुआला एकटी पडू देणार नाही." चादरीच्या घड्या घालणारी दोन माणसं थांबली आणि पडद्याकडं बघू लागली. ओपोकूनं डोळे उघडले. समोर रिकामा चबुतरा.

"कुठं आहे?" तो म्हणाला. "पोकुआ? आई कुठं आहे?"

कुणीतरी येऊन पडदा बंद केला.

दफन झालं, लोक पांगले, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. पोकुआ मंडपाच्या मागच्या पायरीवर बसली होती. सकाळपासूनचं कुजबुजणं आता मोठ्यानं चाललं होतं. मुलाला दोन वाक्यं बोलायला सवड नव्हती; सून तर पायाशीसुद्धा बसली नाही. वोफा तिच्याजवळून गेले, थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

फोन वाजला. अचिया येऊन तिला खेटून बसली.

"तिनं ऐकलं का?" ओपोकूनं विचारलं. "मला तिचा चेहरा दिसत होता, सगळा वेळ. हलत नव्हता. पण मेलेल्या माणसाचा चेहरा, पोकुआ, तो हलणार कसा? मला वाटलं सगळं नीट चाललंय. मी बोलत राहिलो. सांग ना, काय झालं?"

सांगता आलं असतं. चार ओळी होत्या आणि एक न दाबलेली कळ. सांगितलं असतं तर मालकाचं नाव आलं असतं, त्याच्याआधी तिचं स्वतःचं आलं असतं, आणि सगळ्या मागच्या मंडपांतली सगळी माणसं आली असती.

"नेटवर्क कमजोर होतं, ओपोकू," ती म्हणाली.

पलीकडं ओपोकूनं नाक शिंकरलं. मग तो म्हणाला, "हं. तू तरी काय करणार." आणि फोन ठेवला.

अचियानं तोंडातून अंगठा काढला. ती सकाळभर कुणाकुणाच्या मांड्यांवरून सगळ्या मैदानात फिरली होती.

"आई," ती म्हणाली, "त्या लाल गालिचावाल्या मंडपातले पडद्यातले काका तर सारखे बोलत होते. मग आपल्याच बाबांचं नेटवर्क का कमजोर?"