मुकी पिशवी

शकुबाईने टाळ्या वाजवता वाजवता पुन्हा मान वळवून भोंग्याकडे पाहिले. भोंगा चालू होता. सप्त्याचा शेवटचा दिवस, महाराज काल्याच्या कीर्तनात रंगलेले. पेंद्या शिळी भाकर पाठीमागे लपवत होता आणि कृष्ण तीच मागत होता. बायका पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. शकुबाई उशिरा हसली. भोंगा चालू म्हणजे लाईन आहे, लाईन आहे म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली थंड खोली चालू आहे, असे तिने सकाळपासून दहादा मनाला समजावले होते.

त्या खोलीत काटे काढलेल्या मरळ माशाच्या तुकड्यांच्या चाळीस पिशव्या होत्या. शकुबाईसह मासेमार ढिवरांच्या चौदा बायकांनी जेठ महिन्यात, तलाव आटला तेव्हा, चिरून ठेवलेल्या. उद्या नागपूरच्या खानावळीचा माणूस येणार होता. माल जसाच्या तसा निघाला तर वर्षभराचे काम. नाही तर चौदाही जणी पुन्हा दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला.

शेजारच्या पुनमने कानाशी तोंड आणले.

"काकू, आमची चक्की पहाटपासून बंद हाय. थ्री फेज गेली म्हन्ते."

"भोंगा तं वाजून राह्यला!"

"भोंग्याले एक फेज पुरते ना. मोठ्या मोटरीले तिन्ही लागते."

शकुबाई उठली. काल्याचा प्रसाद न घेता ती आजवर कधी मंदिरातून निघाली नव्हती. चपला सापडेनात, तशीच निघाली.

कारखान्यात यंत्राची घरघर नव्हती. खोलीच्या दाराला धानाच्या कोंड्याची पोती लावून, वर गोधडी टांगून, यंत्र सांभाळणारा हाफिज दारालाच पाठ टेकून बसला होता.

"काऊन सांगितलं नाई, हाफिजभाऊ?"

"सांगतो तं तू येतीस. येतीस तं दार उघडतीस."

"माही मासोळी हाय. मी पाहीन."

"मंगळवारी लाईन गेली तं पाह्यली ना? चार तासात पाच डाव दार उघडलं! थंडी का तुई बहीन हाय, गेली तं बोलावून आनशीन?"

तो जागचा हलला नाही. पण खिशातून किल्ली काढून त्याने तिच्यापुढे ठेवली.

"घे. तुई मासोळी."

तिने किल्ली उचलली. एक पोते सरकवले. थांबली. पुन्हा होते तसे लावले. अंगणात जाऊन खांबावरच्या तारा पाहून आली, गोधडीला कान लावला. मंदिरात पेंद्याची भाकर अजून संपली नव्हती. शेवटी तीही पाठ दाराला लावून बसली, मधे एक पोते सोडून.

"पाय हालवू नोको बाई," हाफिज म्हणाला, "दार हालते."

दहीहंडी फुटल्याचा गलबला आला, शमला. त्याच्या बऱ्याच वेळाने यंत्र धडधडले. शकुबाई ताडकन उठली, तर हाफिजने हातानेच खाली बसवले. तासभर त्याने तिला तसेच बसवून ठेवले. मग स्वतः पोती बाजूला केली.

आत ती एकेक पिशवी कानाशी धरून हलवू लागली. तुकडे सुटे सुटे गोठवलेले. सुटे राहिले असतील तर वाजायचे. पहिली वाजली, चिपळ्यांसारखी. दुसरीही. एकोणचाळीस वाजल्या.

दाराजवळची, सगळ्यांत वरची वाजली नाही. तुकडे एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झालेले, तळाशी गुलाबी बर्फ. एकदा पाघळून पुन्हा गोठलेली.

हाफिजने पाहिले.

"आजची नाई हे. मंगळवारची."

शकुबाईने ती पिशवी मागच्या फळीवर, पाच-सहा पिशव्यांच्या आड सरकवली. हात तिथेच राहिला. बोटे गारठली तरी तिने तो काढला नाही. मग पिशवीसकट काढला आणि पिशवी पदराखाली घेतली.

"उद्या एकोनचाळीसच देजो त्याले."

"अन् एक कुठी गेली, इचारलं तं?"

"सांगीन. मी पाह्यली म्हनून गेली."

दार लागले. तिने किल्ली हाफिजच्या तळहातावर ठेवून त्याची बोटे मिटली.

"नागपूरची गाडी आल्याबिगर मले देऊ नोको, भाऊ. मागितली तरी."