वरच्या मजल्याचा कौल

गंगाराम मयेकरांनी जहाजावर इतकी वर्षं काढली होती, की त्यांनी घाम पुसला तर रुमाल मिठाने ताठ उभा राहायचा. आता गुडघे बोलत होते. मालगुंडाजवळच्या एका वाडीत शुभंकर नावाच्या तरुणाने आपलं जुनं घर विकायला म्हणून डागडुजी करून नवरीसारखं सजवलं होतं. खाली राहायला जागा आणि वर पर्यटकांना भाड्याने द्यायच्या नव्या खोल्या. ते घर घ्यायचं आणि वरच्या भाड्यावर म्हातारपण ढकलायचं, एवढाच बेत.

"वरच्या मजल्याची परवानगी आहे का, ते पंचायतीत विचारून या आधी," बायको सगुणा म्हणाली.

"अगो, पंचायतीचा जिना चढायला गुडघे कोणाचे आणू?"

देऊळ सपाटीवर होतं. घर घ्यावं का, याचा देवाकडे कौल घ्यायला गंगाराम तिथे गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होकार. ती अशी दणक्यात पडली, की समुद्रावरचे कावळे उडाले म्हणे. लागलीच खरेदीखत झालं.

पहिले पाहुणे यायच्या आधी ग्रामसेवक आला.

"काका, कागदावर हे घर एकमजली आहे. वरचं सगळं उतरवावं लागेल."

गंगाराम तसेच शुभंकरकडे गेले. "फसवलंस रे मला?"

"फसवलं कसलं काका? तुम्ही देवाला विचारलंत, मला वाटलं झालं. मीसुद्धा बांधताना तेवढंच केलेलं."

"आता देवालाच बोलवा घमेली उचलायला," ते घरी परतल्यावर सगुणा म्हणाली.

जाब विचारायला गंगाराम देवळात पोचले, तर गुरव पायरीवर कपाळाला हात लावून बसलेला. नव्या सभामंडपावर चढून माणसं पत्रे खोलत होती.

"मंडपाला काय झालं?"

"परवानगी नव्हती."

"मग बांधलात कसा?"

"कौल घेऊन," गुरव खाली मान घालून म्हणाला.

गंगारामांना रागवायचं होतं, पण तेवढं बळ कुठे होतं? ते गुरवाशेजारी टेकले. गाभाऱ्यात देव नेहमीसारखाच उभा होता, फक्त जरा दमल्यासारखा.

"पुन्हा पाकळी लावू का, तुमच्या घरासाठी?" गुरवाने विचारलं.

"नको. त्याचंच छप्पर चाललंय, त्याला आणि कशाला त्रास?"

मग मान वर करून त्यांनी पत्रे खोलणाऱ्याला हाक मारली, "बाबा रे, इथलं आटपलं की माझ्याकडे ये. आणि शिडी घेऊन ये. जिना पण उतरवायचाय."