शेपटीचा दोरा

म्हैसूरबाहेर, येलवालच्या अलीकडे, हुणसूर रस्त्याच्या कडेला असलेल्या त्या मैदानावर सकाळपासून वारा पडला होता. ग्लायडरला असाच दिवस लागतो. निरनिराळ्या कॉलेजांची पोरं तान्ह्या मुलाला उन्हातून न्यावं तशी आपापली विमानं छातीशी धरून उभी होती. विश्वजीतही त्यांच्यात होता. फक्त त्याचे हात रिकामे होते. विमान त्याच्या संघातल्या चैत्रालीजवळ होतं.

इंजिन नसलेलं, बाल्सा लाकडाचं, हातानं फेकायचं विमान. दोन फेकी, दोन्ही मिळून जे जास्त वेळ तरंगेल ते पुढे. पहिल्या तीन संघांना अंतिम फेरी, महिन्याभरानं. जिंकण्याविषयी विश्वजीतला काही वाटत नव्हतं. खरं म्हणजे त्या वर्षात त्याला कशाविषयीच फारसं वाटत नव्हतं. दिवस काचेपलीकडच्या रहदारीसारखे, आवाज न करता जात होते. पण तो महिना त्याला हवा होता. निवड झाली तर वर्कशॉपमधल्या संध्याकाळी आणखी महिनाभर चालणार होत्या, आणि त्या संध्याकाळी चैत्राली त्याच्याशी मराठी बोलत असे. निवड झाली नाही तर सोमवारी ती इंटर्नशिपसाठी पुण्याला निघून जाणार होती.

त्याच्या घरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्यांची. पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात आले आणि इथलेच होऊन गेले. दाराबाहेर कन्नड, दाराआड मराठी, अशी वाटणी कोणी न करताच झाली होती. बाहेरच्या कोणाशी मराठी बोलता येते, हे त्याला चैत्राली भेटेपर्यंत ठाऊकच नव्हतं. तिच्या वडिलांची नाशिकहून इथं बदली होऊन दोन वर्षं झाली होती. वर्कशॉपमध्ये तिनं पहिल्यांदा त्याला आईशी फोनवर बोलताना ऐकलं.

"ऊट झालं, आई. तुमचं झालं का?"

त्यानं फोन ठेवायचा अवकाश, ती पुढे आली. "काय झाला म्हणालास? उंट? तुमच्याकडे उंट आहे?"

"ऊट म्हणजे जेवण," कानाच्या पाळीपर्यंत लाल होत तो म्हणाला. "कन्नड शब्द आहे. आम्ही घरात असंच बोलतो."

"अरे, भारीच की! मग मलाही रोज विचारत जा, उंट झाला का म्हणून."

ती चेष्टा करी, पण तिच्या चेष्टेला काटे नसत. तरीही तो तेव्हापासून तिच्यासारखं बोलायला शिकू लागला. घरचे शब्द आत ठेवायचे, तिचे बाहेर काढायचे. तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनातल्या मनात एकदा तपासून घ्यायचं. आईच्याही ते ध्यानात आलं. "काय रे मगा," ती म्हणाली होती, "हल्ली पुस्तकातलं बोलायला लागलास?"

पहिली फेक सुरेख झाली. विमान मैदानावर दोन संथ वळणं घेऊन उतरलं आणि त्यांचा संघ तिसरा आला. उतरताना मात्र शेपटी गवताला घासली. बसमधून खोक्यात घालून आणता यावं म्हणून ती सुटी ठेवलेली होती. विमानाच्या कण्यासारख्या कार्बनच्या नळीला दोऱ्यानं आवळून बांधायची आणि वर गोंदाचा एक थेंब. तो दोरा सैल पडून लोंबू लागला होता.

दुसऱ्या फेकीच्या वेळी विश्वजीत पंचांच्या टेबलापाशी सही करत होता. भोंग्यातून त्यांचा क्रमांक पुकारला गेला. संघातला तिसरा, बन्नूरचा शरत, मैदानाच्या मध्यावरून हातवारे करू लागला. विश्वजीतनं वळून पाहिलं तर दोरा अजून लोंबतोच आहे. वाक्य तपासायला सवड नव्हती.

"चैत्राली, तो दोरा कट्टून टाक! बेगी!"

भोंगा चालूच होता. तिनं अंगठा दाखवला आणि हत्यारांच्या डब्यात हात घातला.

तो धावत पोचला तेव्हा तिनं विमान त्याच्या हातात दिलं. "घे. झालं." शेपटी सरळ दिसत होती, दोरा कुठं लोंबत नव्हता. त्यानं चार पावलं धावून विमान सोडलं.

ते उठलं. पहिल्यापेक्षाही उंच उठलं, आणि क्षणभर हवेनं त्याला तळहातावर घेतल्यासारखं स्थिर झालं. मग शेपटी मागच्या मागे गळाली. उरलेलं विमान नाक खाली घालून, स्वतःभोवती फिरत, गवतात शिरलं.

शरत शेपटी उचलून घेऊन आला. नळीवर दोऱ्याचा पत्ता नव्हता. ब्लेडचा बारीक ओरखडा तेवढा होता. "इदन्न यारो कट् माडिद्दु?" हे कापलं कुणी, असं तो विचारत होता.

"नाने," विश्वजीत म्हणाला. मीच.

"थू, निन्न तले!" शेपटी त्याच्या पायाशी टाकून शरत निघून गेला.

चैत्रालीचं कन्नड भाजीवाल्यापुरतं. "काय म्हणाला तो?"

"काही नाही. शेपटी निसटली म्हणाला."

"पण दोरा तूच कट करायला सांगितलास ना? मला वाटलं, गोंद आहे तर दोरा नको असेल."

"कट्टून म्हणालो मी. कट्टून म्हणजे बांधून."

तिच्या चेहऱ्यावरून शब्द सावकाश उतरत गेला. "मग बांधून म्हणायचं ना रे," ती हळूच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "सॉरी. मी विचारायला हवं होतं."

बांधून हा शब्द त्याला येत होता. घरात दोन्ही चालत. कुठला कुठून आला हे तिथं कोणी पाहत नसे. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट पाहत उभा राहिला, पण आत काही हललं नाही. बुटावरून एक मुंगी चालली होती, ती त्यानं शेवटपर्यंत जाऊ दिली.

दोघं खोकं भरायला बसली. मोडलेला पंख आत मावेना.

"जरा धरतोस का हे टोक?"

धरतो. धरतो की. घरी आणखी निराळंच काहीतरी म्हणाले असते. यातलं तिचं कोणतं आणि आपलं कोणतं, हे त्याला एकाएकी कळेनासं झालं.

"येस," तो म्हणाला.

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. त्यानं टोक घट्ट धरून ठेवलं आणि खाली बघत राहिला.

"थँक्स," शेवटी ती म्हणाली, आणि चिकटपट्टीचं टोक नखानं शोधू लागली.