नदीपलीकडचा आकडा

दर सोमवारी सकाळी राजधानी ल्युब्ल्यानाहून तक्ता आला की डॉक्टर झ्देन्काचा दिवस नासायचा. कोरोनाची साथ आल्यापासून युरोपातल्या कितीतरी देशांत गावोगावच्या डॉक्टरांनी आठवड्यात किती रोगी पाहिले, समोर किती, फोनवर किती, याची मोजदाद चालली होती. झ्देन्काला इटली-पोर्तुगालशी देणंघेणं नव्हतं. तिची नजर थेट नदीपलीकडच्या डॉक्टर गोराझ्दच्या ओळीवर जायची. तिचे एकशे ऐंशी, त्याचे तीनशे बारा.

दोघं एकाच वर्गातले. तेव्हा त्याला मार्क जास्त, आता रोगी जास्त. तिच्या पोटात नुसतं दुखायचं. घरच्यांना आपल्या रोग्यांच्या यादीत घ्यायचं नाही, ही डॉक्टरांची रीत. म्हणून तिची आई पाव्लासुद्धा गोराझ्दच्याच यादीत होती. महिनाभरात आईचा एक फोन नाही, तो राग वेगळाच.

"थापा मारतोय मेला," असं म्हणत ती मास्क लावून पूल ओलांडून गेली. चोरी पकडायची आणि ल्युब्ल्यानाला कळवायचं, एवढंच डोक्यात होतं.

गोराझ्दच्या टेबलावर रेघांनी भरलेला कागद होता.

"या रेघा कसल्या रे?"

"फोन. आला की एक रेघ."

"औषध लिहून दे म्हणणारेही मोजतोस?"

"नियमच आहे. का, तू नाही मोजत?"

झ्देन्काने तो कागद आपल्याकडे ओढला. असले फोन तिला रोज शंभर यायचे. त्याला काय तपासणी म्हणायचं, म्हणून तिने एकही मोजला नव्हता. चूक आपलीच, हे कळूनही तिला तो आणखीनच डोळ्यांत खुपला.

तेवढ्यात फोन वाजला. हातांत रबरी मोजे घातलेले होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

"अरे गोराझ्द, रक्तदाब एकशे तीसवर ऐंशी. ते जाऊ दे. तक्ता आला का? माझ्या पोरीचा आकडा किती?"

गोराझ्दने झ्देन्काकडे पाहिलं. "एकशे ऐंशी, पाव्लाकाकू."

"उतरला ना? बरं झालं बाई! म्हणजे जरा झोपली असेल. तिला मुद्दाम फोन करत नाही रे. जीव काढतात लोक तिचा, त्यात मी कशाला?"

झ्देन्का फोनवर वाकली. "आई, मी बोलतेय."



"तू तिथे काय करतेस? रोगी ताटकळत असतील तिकडे! ठेव, ठेव!"

फोन बंद झाला. झ्देन्काचे डोळे भरून आले.

"रोज करते?"

"रोज. आठ वाजता."

गोराझ्दने पेन उचललं आणि नियमाप्रमाणे कागदावर एक रेघ ओढली. इतक्या वर्षांत त्याच्या मार्कांचा, रोग्यांचा, कशाचाच तिला वाटला नव्हता एवढा हेवा तिला त्या एका रेघेचा वाटला.